जिचं दुखणं, तिचा फोन

सुनंदाताई गेल्याचं तिच्या मुलाने कळवलं, तेव्हा मी कोथरूडच्या घरी पालक निवडत बसले होते. झोपेतच गेली म्हणाला... हातातली जुडी तशीच राहिली.

ताई माझी मावसबहीण. सदाशिव पेठेतला दवाखाना तिने वय झाल्यावर बंद केला आणि दर गुरुवारी पानशेतच्या पलीकडच्या एका वाडीत जाऊन बायकांना तपासू लागली. एरवी सल्ला फोनवर. पण लवकरच तिच्या लक्षात आलं, की दुखणं बायकोचं आणि बोलतो नवरा. कारण फोन त्याचा. एकदा मी ताईबरोबर गेले होते, तेव्हा तपासायलाही एक नवरा सोबत आला. बायकोला मागे सारून म्हणाला, "तिला काय सांगता येतंय? मी सांगतो की." ताई शांतपणे म्हणाली, "पोट तुमचं दुखतंय का? मग जरा बाहेर बसा."

परतताना तिने मला धरलं. "जन्मभर मुलं शिकवलीस, आता या बायकांना फोन शिकव." मी निवृत्त शिक्षिका, नाही म्हणायची सोय नव्हती. ताईने ओळखीपाळखीतून जुने स्मार्टफोन जमवले आणि वाडीतल्या शाळेच्या रिकाम्या वर्गात आमची शिकवणी सुरू झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्या फोनमध्ये ताईच्या नंबरावर तिचा फोटो लावून दिला.

मंगल तिथेच शिकली. ती गरोदर असताना एका सकाळी घरचे सगळे भातलावणीला गेले होते. तिचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. घरात रेंज नाही, म्हणून ती कशीबशी टेकाडावर गेली आणि तिने व्हिडिओ कॉल लावला. सुजलेला चेहरा पाहताच ताई म्हणाली, "आहेस तिथेच बस. गाडी येतेय." दुसऱ्या फोनवरून तिने रुग्णवाहिका बोलावली आणि ती पोहोचेपर्यंत मंगलशी बोलत राहिली. रक्तदाब भलताच वाढला होता. थोडा उशीर झाला असता तर... पण दोघी वाचल्या. मुलगी आता शाळेत जाते. मी कौतुक केलं, तर ताई म्हणाली, "मी काय केलं? फोन तिने लावला."

बोलणं संपलं तरी ताई आपणहून फोन ठेवत नसे. बायका खरं दुखणं शेवटी सांगतात, असं तिचं म्हणणं. मग हळूच विचारायची, "अजून काही आहे का गं?"

परवा मंगलचा फोन आला. ताईबद्दल बोलून झालं. पलीकडे तिची मुलगी पाढे म्हणत होती. मंगलने फोन ठेवला नाही. जरा वेळाने म्हणाली, "बाई, अजून काही हाय का?"

मग मला रडू आलं. ती ऐकत राहिली.