दुःखाच्या घरची पहिली भाकरी

आमच्या गल्लीत कुणी गेलं, की त्या घरात सर्वांत आधी महादेवी अक्कांची भाकरी पोचायची. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण द्यायचं असतं. अक्कांचा धंदाच कडक भाकरीचा, महिनाभर टिकणाऱ्या वाळल्या भाकरीचा. नवी पेठेतल्या दुकानांत त्यांचा माल जायचा. घरातला भाकऱ्यांचा डबा कायम भरलेला. त्यातल्या भाकऱ्या आणि शेंगाचटणी घेऊन निघायच्या. "रडायला बी पोटात काय तरी लागतंय की," म्हणायच्या.

स्वतः मात्र सदा आजारी. कान वाहायचा, सायनस भरायचं आणि वरचेवर न्यूमोनिया. "माझा भाडेकरू आला गं सुनंदा, छातीत बिऱ्हाड मांडलंय," असं मला सांगायच्या. कुणी पिठाच्या धुळीला दोष दिला, म्हणून तोंडाला फडकं बांधून भाकऱ्या थापल्या. थुंकीत काही सापडलं नसताना टीबीच्या गोळ्याही खाऊन झाल्या. समोरच्या शकुंतलाबाई तर म्हणायच्या, अक्कांना दवाखान्याची हौसच आहे.

पन्नाशीनंतर एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एकाच माणसाला हे सगळं पुन्हा पुन्हा का होतंय? मग रक्त तपासलं. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं अक्कांच्या शरीरात पुरेशी बनतच नव्हती. ती दर महिन्याला शिरेतून द्यायची आणि गर्दीत जायचं नाही, असं ठरलं. फुप्फुसं तोवर खराब झाली होती. ती सुधारणार नव्हती.

अक्का एवढंच म्हणाल्या, "म्हंजे घराला दारच नव्हतं की. भाडेकरूला काय बोलायचं?"

त्या औषधावर बऱ्यापैकी चाललं होतं. मग थंडीत शकुंतलाबाईंचे यजमान गेले. त्या घरात सगळेच खोकत होते. मी अक्कांच्या दारात आडवी उभी राहिले. डबा मी पोचवते, तुम्ही घरी बसा, म्हणून बजावलं.

"डबा कुणी बी देईल," त्या म्हणाल्या. "माणूस जायला पायजे."

गेल्या. बराच वेळ शकुंतलाबाईंना धरून बसल्या. आठवड्याच्या आत ताप आला आणि दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

अंत्यविधीनंतर पिठलं-भात घेऊन मी त्यांच्या घरी गेले. शकुंतलाबाई माझ्याआधी पोचल्या होत्या. नाकातोंडावर पदर घट्ट बांधून अक्कांच्या मुलापुढे ताट धरून बसल्या होत्या. "खा की बाळा," त्या म्हणत होत्या, "रडायला बी पोटात काय तरी लागतंय."

ताटातली भाकरी अक्कांनीच थापलेली होती. घरातला डबा अजून भरलेला होता.