पन्हाळीतलं बियाणं

त्याचं नाव मी विचारलंच नाही. परतीच्या पावसात आमच्या छपराची पन्हाळ तुंबली आणि पाणी कापूस साठवलेल्या खोलीत शिरायला लागलं, म्हणून बाबांनी देऊळघाटचा पत्रेवाला बोलावला. डोक्यावर खताचं रिकामं पोतं पांघरून, पावसाला शिव्या घालत तो वर चढला. मी शिडी धरली. पन्हाळीतून त्यानं अळी लागत नाही म्हणून घेतलेल्या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांचा बोळा उपसला. गळकी फट बुजवायला बाबांनीच तो कोंबला होता.

पिशवीवरचं टपोरं बोंड दाखवत तो वरून ओरडला, "काका, यानं अळी अडवली काय?"

"कायची अडवते!"

"पन पानी कसं मस्त अडवलं! कंपनीले कळवा, पिशवीवर छापतीन."

शेतात बोंडअळी आल्यापासून एकदाही न हसलेले बाबा खो-खो हसले आणि त्यांनी एक कचकचीत शिवी हासडली. ती पावसाला नव्हती.