किसन मिस्तरीचा चर

हापशावर पाणी भरताना अर्धीच गोष्ट कानावर पडली. लाइट ऑफिसचा शिपाई एका बाईला सांगून राहिला होता, "चर पास झाला तर किसन मिस्तरी कायम. न्हाई झाला तर..." तेवढ्यात कोणीतरी हापसा मारायला लागलं आणि त्या करकराटात पुढचं बुडालं. अर्धं ऐकलेलं पुरं करायची सवय मला आहेच. घरी पोचेपर्यंत मी गल्लीभर सांगून टाकलं, न्हाई झाला तर किसनची रोजंदारीपण जाणार.

किसन आमच्या शेजारी भाड्यानं राहायचा. बायको शांता, कडेवर लेकरू. हिंगोलीतल्या बाळंतिणीच्या दवाखान्याला जमिनीखालून केबल न्यायची होती, ती आमच्याच गल्लीतून. काम किसनकडं. त्या चरातून जेवढी माती निघाली तेवढे किस्से निघाले.

*

नियम असा, की चर तीन फूट खोल पाहिजे. खणायला तांड्यावरच्या दोघी जावा, सोनकी आणि जमना. किसनला पट्टी घेऊन मागं मागं फिरायला सवड न्हाई. तो म्हणाला, कमरेपर्यंत खणा. दोघींनी दोन टोकांकडून सुरुवात केली. मधे गाठ पडली तर एकीचा चर खाली, दुसरीचा वर! सोनकी ताडमाड, जमना बुटकी.

किसन डोक्याला हात लावून बसला. जमना म्हणाली, "मिस्तरी, कमर तर बराबर आहे. कोणाची, ते तुमी सांगितलं न्हाई."

*

केबलखाली वाळू अंथरायची, तीत खडा नको. खडा रुतला की केबलची साल फाटते, पाणी शिरतं. आणि वाळू आली ती नदीची, गोट्यांसकट. तोवर माझी बातमी घरोघर पोचलेली. बायांनी पिठाच्या चाळण्या काढल्या आणि ओट्यावर बसून सगळी वाळू चाळली.

त्या हप्त्यात गल्लीत प्रत्येकाच्या भाकरीत कचकच लागायची. पण एकही माणूस बायकोला बोलला न्हाई.

*

केबलवर परत वाळू, अन् तिच्यावर विटांची ओळ. पुढं कोणी खणलं तर कुदळ आधी विटेवर आपटावी म्हणून. पण विटांचा ढीग रोज कमी व्हायला लागला. किसन भिडस्त, कोणाला विचारीना. मग मीच दारोदार जाऊन शांताच्या लेकराच्या नावानं विटा परत मागितल्या.

दुसऱ्या दिवशी ढीग आधीपेक्षा मोठा. नेलेल्या परत आल्याच, वर लोकांनी घरच्या टाकल्या. काही विटा तर अजून गरम होत्या. कोपऱ्यावरच्या बाईनं पेटती चूल मोडून आणली होती.

*

परभणीहून साहेब तपासायला येणार. केबल टाकून, विटा मांडून किसन त्याला आणायला स्टेशनवर गेला. आमाला वाटलं, एवढा मोठा साहेब येऊन राहिला अन् गल्लीत हा उघडा खड्डा, बरं दिसत न्हाई. सगळी गल्ली कामाला लागली. माती लोटली, धुमसानं ठोकली, वरून शेणानं सारवलं. रांगोळी मी काढली.

किसन साहेबाला घेऊन आला तेव्हा आपला चर कुठं, हे त्यालाच कळेना. साहेबानं विचारलं, "झाकला काहून?" तेव्हा आमाला समजलं, की तो चर उघडा असतानाच बघायचा असतो.

मी पदर खोचून पुढं झाले. "साहेब, चूक आमची. ह्या चरावर त्याच्या लेकराचं पोट आहे. तुमी म्हणाल तिथं उकरून दाखवतो."

साहेबानं काठी टेकवली ती नेमकी रांगोळीच्या मधोमध. सोनकीनं हलक्या हातानं माती काढली. खोली बराबर. विटेला वीट लागलेली. खाली वाळू, मैद्यासारखी. साहेबानं ती चिमटीत चोळली आणि किसनला विचारलं, कुठून आणली. किसननं आमच्याकडं बोट केलं.

"पास," साहेब म्हणाला.

*

किसन कायम झाला. शिपाई पेढे मागायला आला तेव्हा मी त्याला धरलं, की त्या दिवशी हापशावर पुढं काय म्हणला होतास.

"हेच, आक्का. न्हाई झाला तर राहील इथंच, रोजंदारीवर. झाला तर कायम, पण सेनगावला."

जीपमध्ये सामान चढलं. शांता लेकराला घेऊन पुढं बसली, डोळे भरलेले. मी तिला म्हणलं, "तिथला चर त्याला जरा वाकडा करू दे. म्हंजी परत पाठवतील."

मागं ट्रंकेवर बसलेल्या किसननं ते ऐकलं.

"वाकडाच होईल, आक्का," तो म्हणाला. "तिथं तुमी कुठं आहात?"