सपाता घालून राजवाडा

त्या घराण्याचं राज्य जाऊन तीन पिढ्या झाल्या, तोरा मात्र होता तिथेच होता. हातात उरली होती तीन घरं: शहरातला मोठा राजवाडा, तळ्याकाठचा उन्हाळी बंगला आणि शिकारीची कोठी. तिन्हींना तिकीट लावून लोकांना आत सोडत. लोकही असे की कुठल्याशा महाराजांनी ज्या टबात अंग धुतलं त्या टबासमोर देवळात उभं राहावं तसे हात जोडून उभे राहत, आणि घरी जाऊन शेजाऱ्यांना सांगत की टबाला सिंहाचे पाय आहेत.

मेणमावशीला त्या टबाचं कौतुक नव्हतं. त्याचा गंज तिनेच घासला होता. पण तिचं खरं काम मोठ्या राजवाड्यातल्या दरबार हॉलची लाकडी जमीन. बावीस वर्षं ती या जमिनीवर गुडघे टेकून होती, त्याआधी तिची आई. मधमाशीचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवायचं, लाकडाच्या रेषेरेषेने पातळ लावायचं, मुरू द्यायचं, मग लोकरीच्या फडक्याने घासायचं. काम झालं की नाही ते अंगठ्याला कळायचं. अंगठा नुसता सरकला की कच्चं, कुईकुई बोलला की झालं. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

एक दिवस व्यवस्थापक खोकंभर जाड लोकरीच्या सपाता घेऊन आला. त्याने त्या कुठल्याशा दूरच्या राजवाड्यात बघितल्या होत्या. पाहुण्यांनी बुटांवर त्या चढवायच्या आणि दोन दोऱ्यांच्या मधल्या वाटेने हॉलमधून फिरायचं. "चालता चालता जमीन चमकेल, मावशी. आपोआप. महिनाअखेरीपर्यंत तुम्ही फक्त कडा बघा. दोरीच्या आत हात लावायचा नाही, प्रयोग चालू आहे. पुढच्या महिन्यापासून येऊ नका."

"आपोआप इथे फक्त धूळ बसते, साहेब," मावशी म्हणाली. "अंगणात खडी आहे. या सपाता रोज झटकून धुतल्या नाहीत तर खडीचा चुरा लोकरीत बसेल. मग तो पॉलिशकागदच झाला."

"तुम्ही कडा बघा," व्यवस्थापक म्हणाला.

दारावर तिकिटं फाडायला मावशीच्या थोरल्या बहिणीचा नवरा बसायचा. त्याला बातमी तिच्याआधी कळली होती. "मेव्हणीबाई, तुमची चाकरी पब्लिकच्या तळपायाखाली गेली म्हणे. वर पब्लिकच तिकीट काढणार."

"हसा, भावोजी. तिकिटं फाडायला उद्या उंदीर ठेवतील. दात त्यांनाही आहेत."

भावोजी हसायचे थांबले. मग हळूच म्हणाले, "तुझं काय गं पुढे?"

मावशीने फडक्याची घडी घातली. वय एक्कावन्न, गुडघ्यांना घट्टे, आणि येतं काय तर असली जमीन राखणं, जी अख्ख्या शहरात एकच होती. हे काम गेलं की तिचे हात कुणाच्या उपयोगाचे नव्हते.

सपाता रोज संध्याकाळी खोक्यात फेकल्या जायच्या आणि सकाळी तशाच बाहेर निघायच्या. शाळांच्या सहली आल्या, निवृत्त मंडळींचे घोळके आले. सगळे फरफर पाय ओढत फिरायचे, काही तर मुद्दाम घसरून बघायचे. मावशी कडेला बसून कडा घासत होती आणि तिच्या आईची सगळी नि तिची बावीस वर्षं डोळ्यांदेखत ओरबाडली जाताना बघत होती. दोन जोड तेवढे तिने घरी नेले, धुतले, वाळवले आणि पिशवीत ठेवले. आत जायचं झालं तर स्वतःला घालायला.

महिना संपायला पाच दिवस उरले आणि युवराज आले. वय छप्पन्न, दात कवळीचे, तरी म्हणायचं युवराजच. बरोबर एक कारखानदार होता. रविवारी मुलीच्या लग्नासाठी त्याला हॉल हवा होता. व्यवस्थापकाने मोठ्या ऐटीत खिडक्या उघडल्या. ऊन आत आलं आणि सगळं उघडं पडलं. कडा आरशासारख्या, आणि मधून या दारापासून त्या दारापर्यंत राखाडी, खरवडलेला पट्टा.

"इथून गुरं नेता काय?" कारखानदाराने विचारलं. "रविवारी असंच राहणार असेल तर मी दुसरीकडे बघतो." आणि तो गाडीकडे निघून गेला.

युवराजांनी व्यवस्थापकाकडे बघितलं. व्यवस्थापकाने झुंबराकडे बघितलं. झुंबर काही बोललं नाही. तेव्हा कुठे युवराजांना कोपऱ्यात गुडघ्यांवर बसलेली बाई दिसली, जिच्या कामावरून ते बावीस वर्षं बुटांनी चालत होते.

"तुम्ही... रविवारपर्यंत नीट होईल हे?"

"होईल. हाताखाली दोन बाया लागतील. सपातांचं खोकं माझ्या ताब्यात, रोज धुणार. आणि माझं काम कायम. हे सगळं कागदावर, तुमच्या सहीने."

"आम्ही शब्द देतो."

"शब्द तुमच्या वडिलांनीही दिला होता," मावशी उठत म्हणाली. उठताना दोन्ही गुडघे वाजले. "माझ्या आईला. म्हातारपणी मागच्या आवारात एक खोली देतो म्हणून. ती माझ्या स्वयंपाकघरात मेली, साहेब. कागद द्या."

दारातल्या भावोजींनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

कागद नि पेन होतं हॉलच्या पलीकडच्या टोकाला, वजिराच्या मेजावर. युवराजांनी रागाने पाऊल टाकलं. बूट लाकडावर टक्कन वाजला.

"थांबा." मावशीने पिशवीतून धुतलेला जोड काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "नियम तुमच्याच कचेरीचा आहे. बाहेर पाटी लावलीय."

व्यवस्थापक पुढे झाला नि तिथेच अडखळला, कारण पाटी त्यानेच लावली होती. युवराज वाकले. पोट आडवं येत होतं. एक सपात चढली, दुसरी दोनदा निसटली. मदतीला कुणी हललं नाही. मग ते फरफर पाय ओढत मेजापर्यंत गेले, लिहिलं, सही केली, आणि तसेच फरफरत परत आले.

मावशीने कागद दोनदा वाचला, घडी घालून पोलक्यात ठेवला आणि खाली वाकून जिथून युवराज गेले होते तिथे अंगठा टेकवला. अंगठा नुसताच सरकला.

"भावोजी, मेणाचा डबा आणा," ती म्हणाली. "हे सगळं पुन्हा करावं लागणार."