थोरलीच्या प्लेटलेट्स

धाकटीला नुसता ओरखडा उठला की घरात पळापळ, आणि थोरलीचं डोकं फुटलं तरी "पट्टी बांध, थांबेल." आणि ते थांबायचंही, हाच तिचा गुन्हा!

धाकटीच्या रक्तात प्लेटलेट्स भरपूर होत्या, पण एकमेकींना धरायला त्यांच्यावर जो रिसेप्टर लागतो तोच जन्मापासून नव्हता. गर्दी उदंड, हात कुणालाच नाहीत. तिच्या नाकातून रक्त आलं की तासन्‌तास वाहायचं आणि आई उशाशी बसून राहायची. थोरलीच्या पोटात दुखायचं ते इथेच. एकदा तर तिने मुद्दाम भिंतीवर नाक आपटून घेतलं. पाच मिनिटांत थांबलं मेलं.

पुढे थोरली रक्त तपासायच्या लॅबमध्येच लागली. पेशंटच्या नमुन्याशेजारी धडधाकट माणसाचा नमुना लावतात, त्याला कंट्रोल म्हणायचं. नऊ वर्षं कंट्रोल म्हणून दंड पुढे केला तो थोरलीनेच. तिच्या प्लेटलेट्स मशीनमध्ये कशा शहाण्यासारख्या गोळा व्हायच्या.

मग धाकटीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. "प्लेटलेट्स सख्ख्या बहिणीच्या मिळाल्या तर उत्तम," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या आठवड्यात आईने थोरलीला दोनदा विचारलं, नीट जेवलीस का, झोप झाली का. "आता माझं रक्तही तिलाच घाला," थोरली कुरकुरली खरी, पण अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता तरी आई माझ्याकडे बघेल!

नवीन मशीन रिसेप्टर मोजायचं. या वेळी थोरलीचाच नमुना तपासायचा होता, म्हणून कंट्रोलला सोबत आलेल्या वहिनीचं रक्त घेतलं. थोरलीचा आकडा वहिनीच्या निम्मा आला. तिने परत लावला. निम्माच.

"धाकटीचाच दोष, तुझ्यात अर्धा. तुला काही धोका नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निम्म्यावरही रक्त छान थांबतं, म्हणून तर इतकी वर्षं कळलं नाही. पण धाकटीला पूर्ण हवेत. वहिनीच्या प्लेटलेट्स बघू, रक्तगटही तोच आहे."

बाकीच्या तपासण्याही जुळल्या. वहिनी बिचारी ओशाळली. "वन्सं, खरं तर हा मान तुमचा."

"असू दे," थोरली म्हणाली. धाकटीचासुद्धा इतका हेवा तिला कधी वाटला नव्हता.

प्लेटलेट्स देऊन झाल्यावर आई वहिनीच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावरून हात फिरवत. सुई काढलेल्या जागेवर थोरली कापूस दाबून उभी होती.

"जरा हळू गं," आई तिच्याकडे न बघता म्हणाली, "दुखत असेल तिला."