बफिंगमध्ये गेलेलं साल

मंडळी, आज पार खचलोय.

शिवाजी पेठेत एक म्हातारे बँडवाले काका हायत. त्यांच्याकडं जुनी हाय-हॅट हाय, म्हणजे ड्रमसेटला पायानं वाजवायची झांजांची जोडी. तिच्यावरच्या कंपनीच्या पुसट शिक्क्यावरनं ती कुठल्या सालची ते काढता येतं. रविवारी त्यासाठीच निघालतो, पण वाटेत फुटबॉलची मॅच दिसली आणि तिथंच रमलो.

आज गेलो, तर झांजा आरशागत लख्ख!

"तू येणार म्हणून काल शिरोलीच्या कारखान्यातनं बफिंग करून, मशीनवर घासून आणल्या की! आता सांग लेका, आमच्या वडलांनी कवा घेतल्या असतील?"

शिक्का पार घासून गेलता. काका माझ्या तोंडाकडं बघत बसले. मला न्हाय म्हणवेना. एक साल ठोकून दिलं.

काकांनी खिळा घेतला आणि तेच साल झांजेवर कोरलं.

आता कुठल्या तोंडानं खरं सांगू?