सूचना क्रमांक सहा

गाठमावशींना कामावरून काढायची नोटीस मी स्वतः टाइप केली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बराच तावातावाने बोलणार आहे आणि तुम्हाला वाटेल, हा कोण मोठा सत्यवादी लागून गेला. मी बसस्थानकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक आहे. माझ्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि एसीचं ठिबकणारं पाणी दिसतं. प्रवासी दिसत नाहीत.

प्रवासी दिसतात गाठमावशींना. खालच्या क्लोकरूममध्ये बावीस वर्षं त्या लोकांचं सामान सांभाळतायत. पिशवी घ्यायची, नंबराचा बिल्ला द्यायचा, एवढंच काम. पण कुणाचीच गाठ त्यांना पसंत पडत नाही. ती सोडून त्या आपल्या पद्धतीने बांधतात आणि बांधता बांधता नवख्या माणसाला शहर समजावून देतात. नवखा कोण, हे त्यांना विचारावं लागत नाही. बिल्ला हातात घेऊनही जो पिशवीचा बंद सोडत नाही, तो पहिल्यांदा आलेला.

"सगळे पैसे एका जागी ठेवू नका," त्या सुरू करतात. "जायचा पत्ता कागदावर लिहून घ्या, फोन ऐन वेळी मान टाकतो. पहिल्या दिवशी एकच काम काढा. आणि जो आपणहून जवळ येऊन 'कुठे जायचंय' विचारतो, त्याला उत्तर देऊ नका. आपण विचारायचं, तेही कामात असलेल्याला. ज्याचे हात कामात आहेत त्याला तुम्हाला फसवायला सवड नसते."

हे त्या पुस्तकात वाचून शिकल्या नाहीत. एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर याच स्टँडवर उतरल्या. नवरा खोलीची चौकशी करायला गेला, तेवढ्यात एक गोडबोल्या आला, "वहिनी, त्यांनीच पाठवलंय" म्हणाला आणि पेटी उचलून चालता झाला. संसाराचं होतं नव्हतं ते पेटीत. आजूबाजूचे सगळे हळहळले. पोलीस चौकी कुठे आहे ते मात्र एका हमालाने सांगितलं, डोक्यावरचं ओझं खाली न ठेवता. तेव्हापासून मावशींनी कानाला खडा लावला, आणि पुढे मिळेल त्या प्रत्येकाच्या कानाला लावायला घेतला.

आता आमच्या ऑफिसची अक्कल ऐका. साहेबांच्या मनात आलं, प्रवेशद्वाराशी एक मोठा चकचकीत बोर्ड हवा. 'शहरात प्रथमच येणाऱ्या प्रवाशांसाठी सूचना', एकूण सतरा. लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दहा वर्षांपूर्वीची एक पुस्तिका कपाटातून काढली, धूळ झटकली आणि दुपारच्या चहाच्या आत सतरा सूचना उतरवून मोकळा झालो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त माझ्या उंटाला चाकं होती आणि पाठीला उशी होती. साहेबांनी न वाचता सही केली. सूचना क्रमांक सहा अशी होती: 'टॅक्सीसाठी पूर्वेच्या दाराने बाहेर पडावे. तेथील चालक आपणांस साहाय्य करतील.'

टॅक्सी स्टँड आठ महिन्यांपूर्वीच टपाल कार्यालयामागे हलला होता. हे झाडूवालीला ठाऊक होतं. भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक असेल. मी रोज पश्चिमेच्या दाराने येतो, पश्चिमेच्याच दाराने घरी जातो. पूर्वेच्या दाराशी आता खाजगी गाड्यांचे दलाल उभे राहतात.

बोर्ड लागून आठवडा झाला नसेल, एक मुलगी म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आली. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पाच महिन्यांनी मिळालेली. मावशींनी सामान घेतलं, नेहमीची पढवणी केली. दुपारी दोघं परत आली ती उतरलेल्या चेहऱ्यांनी. दलालाने त्यांना तीन तास शहरभर फिरवलं आणि कुठल्याशा खाजगी दवाखान्यापुढे उतरवून "हेच ते" म्हणून सांगितलं. खऱ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्या दिवसाची यादी संपली होती. पुढची तारीख चार महिन्यांनी.

"मी सकाळी काय सांगितलं होतं?" मावशी म्हणाल्या.

"आपणहून येणाऱ्याबरोबर जाऊ नका म्हणालात," मुलगी म्हणाली. "पण बोर्डावरच लिहिलंय ना, ते साहाय्य करतील म्हणून."

म्हातारा एवढंच म्हणाला, "छापलेलं खोटं कसं असेल, बाई?"

मावशींनी सामानाला लावायची चिठ्ठी घेतली, तिच्यावर लिहिलं, 'इथे जाऊ नका, फसवतात. टॅक्सी टपाल कार्यालयामागे', आणि डिंक लावून ती सहा नंबरावर चिकटवली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती पाहिली. दलाल त्यांना बावीस पावलांवर दिसत होते, पण ते काही बोर्डावर चिकटलेले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर वळायला मी. 'शासकीय फलक विद्रूप केल्याबद्दल आपणांस सेवेतून का काढून टाकण्यात येऊ नये', असं मी टाइप केलं. मावशींच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

नोटीस द्यायला मीच खाली गेलो.

"मावशी, इथे सही करा. पोच हवी."

त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "विद्रूप म्हणजे खराब केलं, ना?"

"हो."

"बोर्ड लिहिला कोणी?"

"ऑफिसने."

"ऑफिसला हात असतात का रे?"

त्यांनी सही केली आणि मागच्या फळीवरची एक रिकामी बॅग काढून माझ्या हातात दिली. "ही घे आणि पूर्वेच्या दाराने बाहेर जाऊन ये. तुला तिथे कोणी ओळखत नाही."

चौदा वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा त्या दाराशी गेलो. पायरी उतरायच्या आत दोघांनी गाठलं. एकाने बॅगेला हात घातला. मी म्हणालो, नको. दुसरा हसून म्हणाला, "दादा, घाबरता काय? आतला बोर्ड वाचला नाही का? सहा नंबर वाचा. ते आम्हीच."

माझं वाक्य. माझ्याच तोंडावर फेकलं. संताप कोणाचा करावा हेही कळेना, कारण त्याचं एक अक्षरही चुकलं नव्हतं. बॅग हिसकावून घेऊन मी परत आलो. मावशी कुणाच्या तरी पिशवीची गाठ बांधत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि गाठ घट्ट ओढली.

सोमवारी चौकशी झाली. साहेब, एक मोठे साहेब आणि इतिवृत्त लिहायला मी. मोठे साहेब मन मोठं करून म्हणाले, "बाई, तुमचं वय बघून एक संधी देतो. यापुढे कुठल्याही प्रवाशाला कसलाही सल्ला देणार नाही, असं लिहून द्या. विषय संपला."

"आणि त्याने विचारलं तर?"

"बोर्डाकडे बोट दाखवायचं."

"ते जमायचं नाही," मावशी म्हणाल्या. "काढायचं तर काढा. पण बोर्ड दाखवून माणसाला त्या दाराशी धाडायचं काम मी करणार नाही. माझी पेटी गेली होती, साहेब. त्या म्हाताऱ्याचा डोळा जातोय."

साहेबांनी माझ्याकडे पाहून सांगितलं, "लिहा, नकार दिला."

मी लिहिलं. मग हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. म्हणालो, "सूचना क्रमांक सहा मी लिहिली. जागेवर न जाता, जुन्या पुस्तिकेतून उतरवली. साहेबांनी ती तशीच मंजूर केली. हेही इतिवृत्तात घालतोय."

"तुम्हाला कोणी विचारलंय?" साहेब म्हणाले.

"कोणी नाही. म्हणूनच स्टँड हलल्याचं आठ महिने कळलं नाही."

मोठ्या साहेबांनी मंजुरीचा कागद मागवला. त्यावर साहेबांची सही पाहिली आणि त्यांना एकदम दुसऱ्या मीटिंगची आठवण झाली. प्रकरण 'विचाराधीन' झालं. मावशी क्लोकरूमच्या खिडकीवर राहिल्या, पण माफीचा एक शब्द त्यांना कोणी दिला नाही. मला मेमो मिळाला, तोही मलाच टाइप करावा लागला. आणि बोर्ड? बोर्डाची दुरुस्ती पुढच्या छपाईच्या वेळी, असा निर्णय झाला. पुढची छपाई कधी, ते विचारायचं नाही.

तोवर रोज सकाळी सफाईवाला वरच्या हुकमाने ती चिठ्ठी खरवडून काढतो. साडेनऊला तिथे नवी चिठ्ठी असते. मजकूर तोच, मावशींचा. अक्षर माझं. खाली हुद्दा आणि खोली क्रमांकही घालतो, म्हणजे पुढच्या वेळी नोटीस कोणाला द्यायची ते ऑफिसला शोधत बसावं लागणार नाही.